जुन्या बुलेटला टायर घेताय? आधी हे वाचा

जुन्या कास्ट-आयर्न इंजिनच्या बुलेटला पुढे-मागे एकाच मापाचे टायर बसतात: ३.२५-१९. म्हणजे रुंदी सव्वातीन इंच, रिम एकोणीस इंच. मिलिमीटरच्या मापात याच्या सगळ्यात जवळ जातो ९०/९०-१९.

"मागे जरा जाडा टाका, गाडी भारदस्त दिसते" असं दुकानदार हमखास सांगतो. मीही एकदा भुललो. टायर चेनकव्हरला घासायला लागला, आणि वळणावर गाडी अशी जड, की बैल वळवतोय असं वाटायचं! अरुंद रिमवर जाडा टायर चिमटला जातो आणि त्याचा आकारच बिघडतो.

पुढे सरळ रेघांचा रिब टायर, मागे ठोकळ्यांच्या नक्षीचा. माझ्या मते डांबरी रस्त्यावर हीच जोडी झकास. जुन्या बुलेटच्या स्पोकच्या चाकाला ट्यूब लागतेच. टायरसोबत ट्यूब आणि रिमटेपही नवीच घ्या.

नक्षी शाबूत म्हणून वर्षानुवर्षं पडून असलेला टायर घेऊ नका, रबर कडक झालेलं असतं. बाजूवर चार आकडे शोधा: २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. आकडे तीनच असतील तर टायर २००० सालाआधीचा. तो झोपाळ्याला बांधा!