भिजलेल्या ताडोबाच्या वाटेवर

दिवाळीच्या सुट्टीत ताडोबाला जायचं ठरलं की पुण्या-मुंबईच्या घरांतून स्वेटर आणि कानटोप्या बाहेर निघतात. पाऊस संपला, असं आपण धरूनच चालतो. पूर्व विदर्भात हा हिशेब दर वर्षी जमतोच असं नाही. नैऋत्य मोसमी पाऊस साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात तिथून माघारी फिरतो, पण त्याच सुमारास बंगालच्या उपसागरात चक्रीवादळांचा दुसरा हंगाम सुरू होतो. २०१३ चं फायलिन, २०१४ चं हुदहुद, २०१८ चं तितली, २०२४ चं दाना, २०२५ चं मोंथा ही सगळी ऑक्टोबरमधलीच. अशी वादळं आंध्र किंवा ओडिशाचा किनारा ओलांडून जमिनीवर येतात आणि विरत जातात. त्यांचे उरलेसुरले ढग कधी कधी चंद्रपूर-गडचिरोलीपर्यंत पोचतात आणि ऐन सणाच्या दिवसांत धो धो पाऊस पडतो. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये जाणाऱ्यांना वादळी पाऊस आणि गारपीट गाठू शकते. म्हणून मुलाबाळांना आणि घरातल्या ज्येष्ठांना घेऊन गाडीने ताडोबाला निघायचं, तर पावसाची तयारी करूनच निघावं.

आम्ही तशाच एका पावसात गेलो. सोबत दोन्ही मुलं होती आणि सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई. त्या प्रवासात आणि पुढेही तिथल्या माणसांकडून जे शिकायला मिळालं, ते इथे मांडतो आहे.

रस्त्यावरचं पाणी

समृद्धी महामार्गामुळे पश्चिम महाराष्ट्रातून नागपूर गाठणं सोपं झालं. मुंबई ते नागपूर ७०१ किलोमीटरचा हा रस्ता ५ जून २०२५ रोजी पूर्ण खुला झाला. सपाट भागात मोटारींना ताशी १२० किलोमीटर वेगाची मुभा आहे. पण ती कोरड्या रस्त्यावर वापरायची. ताशी १२० ने गाडी एका सेकंदात सुमारे ३३ मीटर पुढे जाते. रस्त्यावर पाण्याचा थर असेल आणि टायरच्या नक्षीला ते पाणी बाजूला सारता आलं नाही, तर टायर रस्ता सोडून पाण्यावर तरंगू लागतं. मग स्टिअरिंग हलकं पडतं आणि ब्रेकचा उपयोग होत नाही. अशा वेळी ब्रेक दाबायचा नाही, स्टिअरिंग झटकन वळवायचं नाही. ते सरळ धरून ॲक्सिलरेटरवरचा पाय हळूच उचलायचा. मोटारीच्या टायरवरच्या खाचा किमान १.६ मिलिमीटर खोल असाव्यात असा कायदा आहे, पण इतक्या झिजलेल्या टायरवर पावसात लांबचा पल्ला धरू नये. पुढच्या गाडीपासूनचं अंतर दुप्पट ठेवावं. काचेवर वाफ धरली की एसी काचेवर सोडावा. आणि चालत्या गाडीत चारही इंडिकेटर लावू नयेत, कारण मागच्याला तुम्ही थांबलात की वळताय हेच कळत नाही.

नागपूरनंतर दोन वाटा. जांब, वरोरा, भद्रावतीवरून चंद्रपूरकडे गेलात की मोहर्ली प्रवेशद्वार जवळ; उमरेड, भिसी, चिमूरवरून गेलात की कोलारा. महामार्ग सोडला की खरी परीक्षा सुरू होते. इथली माती काळी आणि चिकट. पावसात फुगून ती इतकी मऊ होते की समोरच्या ट्रकला वाट देताना चाक डांबराखाली उतरलं, की गाडी रुतलीच. नाल्यांवर जागोजाग कमी उंचीचे रपटे आहेत. रपट्यावरून गढूळ पाणी वाहत असताना त्याची खोली नजरेने कळत नाही. वाहतं पाणी फूटभर असलं तरी लहान मोटार उचलली जाते. दोन फूट पाण्यात बहुतेक गाड्या वाहून जातात. आमच्या वाटेवर अशाच एका रपट्याशी गावकरी उभे होते. त्यांनी हात करून गाडी थांबवली, शाळेच्या ओसरीत बसायला जागा दिली, सासूबाईंना चहा आणून दिला. पाणी उतरलं तेव्हाच आम्ही पुढे गेलो. संध्याकाळपर्यंत पोचण्याचा बेत मोडला, पण सगळे सुखरूप पोचलो.

निघण्याआधी भारतीय हवामान विभागाचा जिल्हावार इशारा पाहावा. २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढे पडला तर तो जोरदार पाऊस, ११५.६ पासून अतिजोरदार आणि २०४.४ च्या वर गेला तर अत्यंत जोरदार. जिल्ह्याला लाल इशारा असेल तर मुक्काम हलवू नये. नारिंगी असेल तर दिवसाउजेडीच प्रवास करावा आणि लहान रस्ते टाळावेत.

जंगलाचं वेळापत्रक

ताडोबा हे महाराष्ट्रातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान, १९५५ सालचं. शेजारचं अंधारी अभयारण्य १९८६ मध्ये झालं आणि १९९५ मध्ये दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प उभा राहिला. कोअरचं, म्हणजे गाभ्याच्या जंगलाचं, क्षेत्र सुमारे ६२५ चौरस किलोमीटर आहे. साग, बांबू, ऐन, बिजा, धावडा, मोह, तेंदू यांचं हे पानगळीचं जंगल. ताडोबा तळ्याकाठी तारू या गोंड पूर्वजाचं ठाणं आहे. वाघाशी झुंजताना त्याला मरण आलं अशी श्रद्धा आहे आणि पौषात तिथे आदिवासी बांधवांची जत्रा भरते.

जुलै ते सप्टेंबर कोअर बंद असतं. १ ऑक्टोबरला ते उघडतं, तरी चिखलामुळे सुरुवातीला आतले काही रस्ते बंदच ठेवतात. मंगळवारी सुट्टी असते. आरक्षण ऑनलाइन होतं आणि त्या वेळी नोंदवलेल्या ओळखपत्राचीच मूळ प्रत सोबत लागते. पावसामुळे फेरी रद्द झाली तर पैशांचं काय, हे आरक्षण करतानाच वाचून घ्यावं.

पाऊस पडला की पहिला प्रश्न असतो, वाघ दिसेल का? आमच्या गाईडने त्याचं उत्तर सरळ दिलं: ‘पानी आला म्हणजे जागोजागी डबरे भरते जी. मंग वाघ बोडीवर कायले येईन?’ बोडी म्हणजे लहान तळं. उन्हाळ्यात वाघ दिसण्याची शक्यता जास्त, कारण तेव्हा पाणी मोजक्या ठिकाणी उरतं आणि प्रत्येक जनावराला तिथे यावंच लागतं. पावसानंतर तहान कुठेही भागते. त्यात गवत पुरुषभर वाढलेलं, झाडोरा दाट. वाघ दहा पावलांवर बसलेला असला तरी दिसत नाही. म्हणजे ओल्या दिवसांत वाघ न दिसणं हे जंगलात सगळं मुबलक असल्याचं लक्षण आहे. ही गोष्ट मुलांना निघण्यापूर्वी सांगितली तर त्यांचा हिरमोड होत नाही, आणि त्यांची नजर इतर गोष्टींकडे वळते.

आणि पाहण्यासारखं पुष्कळ असतं. पाऊस रस्त्यावरचे जुने ठसे पुसून टाकतो. त्यामुळे सर थांबल्यावर ओल्या मातीत उमटलेला पंजा हा नक्कीच त्यानंतरचा. गाईड तिथे गाडी थांबवून पंजाचा आकार, पावलांमधलं अंतर, जाण्याची दिशा दाखवतो. भिजलेलं गवत टाळून जनावरं मोकळ्या रस्त्यावर येतात, असंही इथले गाईड सांगतात. सागाच्या रुंद पानांवर पाऊस असा वाजतो की चितळाची धोक्याची हाकही ऐकू येत नाही. म्हणून सर ओसरली की गाडी बंद करून काही मिनिटं गप्प बसायचं. मग वानर खाकरतं, सांबराची ठसक्यात दिलेली हाक येते आणि कुणीतरी चालतं आहे हे न पाहताही कळतं. तळ्याकाठी मगर पडलेली असते, वाळवीच्या वारुळाशी अस्वलाच्या नखांच्या ताज्या खुणा असतात, धुतलेल्या उजेडात रानगव्यांची पाठ चकाकते. आमच्या मुलीने तिथे वही काढून ठशांची चित्रं केली. तिच्यासाठी ती सफारी पूर्ण झाली होती.

वीज कडाडू लागली तर मात्र एकच नियम, परत फिरायचं. धातूची छप्परबंद मोटार विजेपासून बऱ्यापैकी संरक्षण देते; सफारीची जिप्सी उघडी असते, तिला हे लागू नाही. झाडाखाली आडोसा घेणं तर सर्वांत धोक्याचं. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस सेकंदांपेक्षा कमी वेळ गेला तर वीज धोक्याच्या अंतरात आहे असं समजावं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ हे ॲप विजेची आगाऊ सूचना देतं. कोअरमध्ये मोबाईल नेता येत नाही, म्हणून फेरीला निघण्याआधी ते पाहून घ्यावं.

सामान थोडंच, पण नेमकं असावं. मातकट किंवा हिरव्या रंगाचे रेनकोट घ्यावेत. छत्री नको, ती वाऱ्यात उलटते आणि जनावरं बिचकतात. कॅमेरा एसीच्या खोलीतून थेट बाहेर काढला की भिंगावर वाफ धरते, म्हणून तो पिशवीतच अर्धा तास आधी बाहेर ठेवावा. ज्यांना पाठीचा, मणक्याचा त्रास आहे त्यांना चिखलातल्या जिप्सीचे धक्के सोसत नाहीत. सासूबाईंनी त्या सकाळी विश्रामगृहाच्या व्हरांड्यात बसणं पसंत केलं आणि तिथेच त्यांना नीलगाय दिसली.

एखादी फेरी रद्दच झाली तर दिवस वाया जात नाही. वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांनी उभं केलेलं आनंदवन आहे. भद्रावतीला जैन मंदिर आणि विजासनची बौद्ध लेणी आहेत. चंद्रपुरात गोंड राजांच्या काळातला परकोट, जटपुरा आणि पठाणपुरा हे दरवाजे आणि महाकालीचं देऊळ आहे. यातलं बरंचसं पावसातही निवांत पाहता येतं.

वाचकांना एवढीच विनंती आहे. बेत आखताना एक दिवस पूर्ण मोकळा ठेवा, म्हणजे रपट्याशी थांबायला किंवा मुक्काम वाढवायला मन कचरणार नाही. आणि गाईड किंवा जिप्सीचालक ‘आता फिरू’ म्हणाला, तर पैसे भरल्याचा हवाला देऊन त्याच्यावर दबाव आणू नका. तो जंगलाशेजारच्याच गावात राहतो, तिथलं आभाळ त्याला कळतं, आणि तुमच्या मुलांना सुखरूप परत आणण्याची जबाबदारी त्याने घेतलेली असते. त्याचा शब्द शेवटचा माना.