पित्त म्हणजे नेमकं कुठलं?

‘मला ना, पित्ताचा फार त्रास आहे.’ हळदीकुंकवाला चार बायका जमल्या की दोघीतरी हे म्हणतातच. मग कोकम सरबत, थंड दूध, आलं-लिंबू असे उपाय निघतात. पण मैत्रिणींनो, आपण ज्याला पित्त म्हणतो ते नेमकं कुठलं?

छातीत जळजळतं, घशाशी आंबट येतं, ते असतं जठरातलं आम्ल. जठर ही पोटाच्या वरच्या भागातली, किंचित डावीकडची पिशवी. अन्न घुसळणं, प्रथिनं पचवायला सुरुवात करणं आणि अन्नाबरोबर आलेले बरेचसे जंतू मारणं ही तिची कामं. अंगावर गांधी उठतात त्यालाही आपण पित्तच म्हणतो. त्याचा संबंध मात्र पुष्कळदा ॲलर्जीशी असतो.

खरं पित्त तयार होतं उजव्या बरगड्यांखाली, यकृतात. रोज साधारण अर्धा ते एक लिटर! हा हिरवट-पिवळा कडू रस यकृताखालच्या छोट्याशा पित्ताशयात साठतो, दाट होतो. तूप घालून पुरणपोळी खाल्ली की पित्ताशय आकसतं आणि पित्त लहान आतड्यात उतरतं. भांड्याचा साबण तेलकट कढईवर जे करतो, तेच पित्त तुपावर करतं. तुपाचे बारीक थेंब झाले की स्वादुपिंडाचा रस ते पचवतो.

या साठलेल्या पित्ताचे कधी कधी खडे होतात आणि ते पुरुषांपेक्षा बायकांत जास्त आढळतात. आपल्या शरीरातल्या इस्ट्रोजेनमुळे पित्तात कोलेस्टेरॉल वाढतं, गरोदरपणात पित्ताशय सुस्तावतं. वजन वाढणं हे एक कारण, तसंच उपाशी राहून झटपट वजन उतरवणं हेही!

पुष्कळ खडे काहीच त्रास देत नाहीत. पण खडा तोंडाशी अडकला, की जड जेवणानंतर पोटात वर, मधोमध किंवा उजवीकडे जोराची कळ येते. ती पाठीत, उजव्या खांद्यापर्यंत जाते, तासन् तास राहते, उलट्या होतात. अशा वेळी ॲसिडिटीच्या गोळ्या घेत बसू नका. साध्या सोनोग्राफीत खडे बहुधा दिसतात. थंडी वाजून ताप आला किंवा डोळे पिवळे दिसले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. दुखण्याबरोबर दरदरून घाम, धाप असेल तर हृदयाचीही तपासणी तातडीने हवी.

‘पित्ताशय काढलं तर जेवण पचेल का?’ ही भीती अनेकींना असते. यकृत पित्त बनवतच राहतं, फक्त ते थेट आतड्यात उतरतं. काहींना सुरुवातीला जुलाब होतात, पण बहुतेकींचं जेवणखाण पूर्ववत होतं.

तेव्हा यापुढे डॉक्टरांना नुसतं ‘पित्त झालंय’ सांगू नका. दुखतं तिथे हात ठेवून दाखवा. कधी दुखतं, काय खाल्ल्यावर दुखतं आणि किती वेळ, तेही सांगा. निम्मं निदान तिथेच होतं.