यूचा दरारा, एल्मची बदनामी

गैरसमज : खरं लाकडी धनुष्य यूचंच. एल्म, ॲश वगैरे म्हणजे यू मिळालं नाही म्हणून केलेली तडजोड.

लाकडी धनुष्याचा विषय निघाला की हे वाक्य ऐकावंच लागतं. तिरंदाजी शिकणारी मुलं म्हणतात, त्यांचे पालक म्हणतात आणि ज्यांनी यूचं झाड फोटोतसुद्धा नीट पाहिलेलं नाही असे काकाही छातीठोकपणे म्हणतात. रॉबिन हूडचे सिनेमे आणि इंग्लंडच्या लढायांवरचे माहितीपट यांनी यूचा असा काही दरारा बसवला आहे की, एल्मचं नाव काढलं तर समोरचा कीव आल्यासारखा बघतो.

वस्तुस्थिती : यू उत्तम, याबद्दल वादच नाही. त्याचं बाहेरचं फिकट लाकूड ताण सोसतं आणि आतला तांबूस गाभा दाब सोसतो. धनुष्याला हे दोन्ही गुण लागतात आणि यूच्या एकाच काठीत ते शेजारी शेजारी मिळतात. पण यू उत्तम म्हणून बाकीची लाकडं टाकाऊ, हे कुठलं तर्कशास्त्र?

आधी इतिहास पाहू. यूवाले हटकून ओत्झीचं उदाहरण देतात. आल्प्सच्या बर्फात १९९१ साली सापडलेला, सुमारे ५३०० वर्षांपूर्वीचा हा माणूस. त्याच्याजवळचं अर्धवट राहिलेलं धनुष्य यूचं होतं, हे खरंच आहे. पण डेन्मार्कच्या झीलंड बेटावर होल्मेगार्ड नावाची दलदल आहे. तिथे १९४४ साली जी धनुष्यं मिळाली, ती सुमारे ९००० वर्षांपूर्वीची. युरोपात हाती लागलेल्या सर्वांत जुन्या धनुष्यांत ती मोजली जातात. त्यांचं लाकूड एल्मचं आहे. म्हणजे ओत्झी जन्माला येण्याच्या साडेतीन हजार वर्षं आधीपासून उत्तरेतले शिकारी एल्मच्या धनुष्यावर पोट भरत होते.

हे फार जुनं वाटत असेल तर बाराव्या शतकात या. वेल्समध्ये फिरून ११९१ च्या सुमारास प्रवासवर्णन लिहिणारा धर्मगुरू गेराल्ड ऑफ वेल्स याने ग्वेंट भागातल्या धनुर्धरांबद्दल लिहून ठेवलं आहे. त्यांची धनुष्यं शिंगाची नव्हेत, यूचीही नव्हेत, तर रानटी एल्मची असतात, दिसायला ओबडधोबड पण जबर ताकदीची, असं तो सांगतो. ॲबरगॅव्हेनीच्या किल्ल्यात चार बोटं जाडीच्या ओकच्या दारात वेल्श बाण आरपार घुसल्याची हकीगतही त्याने दिली आहे. गेराल्डला गोष्ट रंगवून सांगायची हौस होती, तेव्हा दाराच्या जाडीतून थोडी सूट द्यायची असेल तर खुशाल द्या. धनुष्याचं लाकूड बदलून सांगण्यात मात्र त्याचा काही फायदा नव्हता.

मग यूचा एवढा गवगवा कशामुळे? एक म्हणजे, आपल्या डोळ्यांसमोर जे उरलं ते. आठव्या हेन्रीचं 'मेरी रोझ' हे युद्धनौकांतलं नावाजलेलं जहाज १५४५ साली बुडालं, १९८२ साली वर काढलं गेलं आणि त्यातून दीडशेहून जास्त यूची धनुष्यं मिळाली. राजाच्या युद्धनौकेवर सगळ्यात महागडा मालच चढणार. गावच्या मैदानावर वापरलेली धनुष्यं मोडली की चुलीत गेली, ती संग्रहालयात येणार कुठून? दुसरं म्हणजे, पुस्तक. रॉजर ॲस्कमचा 'टॉक्सोफिलस' हा तिरंदाजीवरचा ग्रंथ, योगायोगाने १५४५ चाच, यूला पहिला मान देतो आणि एल्म-ॲशला खालच्या पायरीवर बसवतो. पुढच्यांनी तेच गिरवलं.

त्याच काळातले कायदे वाचले की मात्र दुसरं चित्र दिसतं. इंग्लंडमध्ये यूचा एवढा तुटवडा होता की, १४७२ च्या कायद्याने परदेशी व्यापाऱ्यांना मालाच्या दर टनामागे धनुष्यासाठीच्या चार काठ्या आणणं सक्तीचं केलं. १५४१ च्या कायद्याने धनुष्य बनवणाऱ्या कारागिरांवर यूच्या बरोबरीने एल्म, ॲश अशा स्वस्त लाकडांची धनुष्यं करण्याची सक्ती घातली आणि १७ वर्षांखालच्या मुलांना, घरची मालमत्ता असल्याखेरीज, यूचं धनुष्य वापरायला बंदी केली. ज्या देशाच्या नावाने यूचा डंका वाजतो, त्या देशाची पोरं एल्म आणि ॲशवर हात बसवून तिरंदाज झाली!

आता मूळ मुद्दा, ज्यापाशी माझा संयम सुटतो. "मी स्वतः एल्मचं करून पाहिलं, नाही टिकलं" असं सांगणारे भेटतात. माप विचारलं की कळतं, लाँगबोच्या, म्हणजे लांब इंग्लिश धनुष्याच्या, मापाने केलेलं असतं : अरुंद, जाड, पोट गोलाकार. हे माप यूचं आहे. एकाच्या मापाचा सदरा दुसऱ्याच्या अंगावर चढवायचा आणि उसवला की कापडाला नावं ठेवायची, असला हा प्रकार.

धनुष्य ओढलं की बाणाच्या दिशेची बाजू, म्हणजे पाठ, ताणली जाते आणि आपल्याकडची बाजू, म्हणजे पोट, दाबली जाते. बहुतेक लाकडं ताण जास्त सोसतात, दाब कमी. एल्मची पाठ सहसा तुटत नाही, आधी पोट हार मानतं. त्यातच पोट गोल ठेवलं तर सगळा दाब मधल्या अरुंद पट्टीवर येतो. आधी भुजा, म्हणजे मुठीच्या दोन्ही बाजूंचे वाकणारे भाग, कायमचा बाक धरतात. मग पोटावर उजेड तिरका धरून पाहिलं तर केसाएवढ्या बारीक आडव्या सुरकुत्या दिसतात. तंतू तिथे चेपून मोडलेले असतात. त्या दिसल्या की धनुष्य संपलं, पण चूक लाकडाची नाही.

उपाय साधा आहे : भुजा रुंद आणि पातळ करा, पोट सपाट ठेवा. भुजेचा ताठपणा रुंदीच्या सरळ प्रमाणात वाढतो, पण जाडीच्या घनाच्या प्रमाणात. जाडी दहा टक्के कमी केली की ताठपणा सत्तावीस टक्के घटतो. तो भरून काढायला रुंदी सदतीस टक्के वाढवावी लागते. बदल्यात, तेवढ्याच वाकण्याला पृष्ठभागावरचा ताण आणि दाब दोन्ही दहा टक्क्यांनी उतरतात. सव्वा इंच रुंदीला जे एल्म दम टाकतं, तेच दोन इंचाला वर्षानुवर्षं चालतं. होल्मेगार्डच्या कारागिराला घन-प्रमाण ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता, पण त्याने धनुष्य केलं ते नेमकं असंच : मुठीशी अरुंद आणि जाड, तिथून भुजा रुंद आणि चपट्या, टोकांकडे निमुळत्या. अमेरिकेत पॉल कॉमस्टॉक यांनी १९८८ च्या 'द बेंट स्टिक' या पुस्तकात हाच धडा पुन्हा मांडला, तेव्हा कुठे तिकडच्या हौशी कारागिरांनी एल्म, ॲश, हिकरीकडे नव्याने पाहिलं.

एल्म मागे पडण्याचं आणखी एक कारण रोगाचं. 'डच एल्म' या बुरशीजन्य रोगाची उग्र साथ १९६० च्या दशकाच्या शेवटी ब्रिटनमध्ये आली आणि तिथले एल्म कोट्यवधींच्या संख्येने मेले. झाडच डोळ्यांआड गेलं, मग लाकडाची आठवण कोण ठेवणार?

गैरसमज : एल्म फाडता येत नाही, म्हणजे ते धनुष्याला निकामी.

वस्तुस्थिती : फाडायला ते त्रासाचं आहे, हे कबूल. पाचर ठोकली की ओंडका उघडतो, पण दोन्ही फाकी सुट्या होत नाहीत. आतले तंतू एकमेकांत गुंतलेले असतात, ते कुऱ्हाडीने एकेक तोडावे लागतात. पण धनुष्याला हाच गुण हवा असतो. पाठीवर चीर सुरू झालीच तर तिला पळायला सरळ वाट मिळत नाही. याच गुणासाठी इंग्लंडातले सुतार गाडीच्या चाकाचा तुंबा एल्मचा करत. आऱ्यांसाठी चहूबाजूंनी भोकं पाडूनही तो फाटत नसे.

आता किरकोळ गैरसमज, भराभर.

"ओलं लाकूड लवचिक, म्हणून धनुष्य ओल्याचंच करावं." ओलं लाकूड वाकतं, पण परत येत नाही. काठी तोडल्यावर दोन्ही टोकांना गोंद किंवा रंग फासावा, नाहीतर टोकं तडकतात. मग सावलीत सुकवावी. साधारण आठ ते दहा टक्के ओलावा उरला की काम सुरू करावं.

"मग जितकं सुकवू तितकं चांगलं." नाही. फार कोरडं लाकूड कडकन मोडतं.

"तेल पाजलं की धनुष्य लवचिक होतं." होत नाही. तेल किंवा लाखेचा थर हवेतल्या दमटपणाला थोपवतो, एवढंच त्याचं काम.

"गाठ असली की काठी बाद." गाठीभोवती थोडं जास्त लाकूड राखलं तर ती निभावून जाते. मधोमध पोकळ झालेली मोठी गाठ मात्र खरोखर बाद.

"सुताराकडची फळी आणली की झालं." फळीतले तंतू टोकापासून टोकापर्यंत सलग असतील तर होईल. ते कडेने बाहेर पडत असतील तर जात कुठलीही असो, पाठ तिथेच उडणार. म्हणून जुने कारागीर सालीखालची एक अखंड वार्षिक कडी पाठ म्हणून तशीच ठेवत आणि सगळी छिलाई पोटाकडून करत.

"आधी पूर्ण ओढून बघू, मग छिलू." असं केलंत तर पोट पहिल्याच दिवशी बाक धरेल. आधी सैल दोरी लावून थोडंसं ओढायचं, जिथे भुजा ताठ दिसेल तिथेच रंध्याने किंवा कानशीने छिलायचं, मग पुन्हा ओढायचं. शेवटी जेवढी ओढ ठेवायची असेल, त्याहून जास्त जोर कामाच्या कुठल्याही टप्प्यावर लावायचा नाही.

"बाण न लावता दोरी सोडली तर काय बिघडतं?" बाणाकडे जाणारी सगळी ताकद भुजांवरच आदळते. पुष्कळ धनुष्यं अशीच मरतात.

"दोरी कायम चढवून ठेवावी." काम झालं की उतरवावी. चढलेल्या दोरीने भुजा बाक धरत जातात.

"वावळ्याला 'इंडियन एल्म' म्हणतात, म्हणजे तोही चालेल." वावळा त्याच कुळातला आहे, पण प्रजाती वेगळी. कुळ एक म्हणून लाकूड एक होत नाही.

"आपल्याकडे धनुष्याचं लाकूडच नाही, फक्त बांबू." सातपुड्यातल्या भिल्लांचं बांबूचं धनुष्य नावाजलेलं आहे, पण कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आयुधागाराच्या प्रकरणात ताड, बांबू, लाकूड आणि शिंग अशा चारही प्रकारच्या धनुष्यांची नोंद आहे. लाकडांत सह्याद्रीतली धामण चिवट म्हणून ओळखली जाते. कुऱ्हाडीचा दांडा, कावडीची काठी, जिथे लवून परत येणारं लाकूड हवं तिथे ती वापरात होती. मात्र रानातलं झाड वनखात्याच्या परवानगीशिवाय तोडायचं नसतं. आणि रीतसर धामण मिळालीच, तर कृपा करून तिला यूच्या मापाने छिलू नका. आधी दोन इंच रुंदी ठेवा, मग पोटावर उजेड तिरका धरून तीच काय सांगते ते पाहा.