घरातला उभा निवडुंग आणि आमचे पाणी



उसाच्या पानावर निवडुंग कुठून आला, असे काहींना वाटेल. पण अलीकडे गटात फिरताना बऱ्याच सभासदांच्या नव्या घरांत, सोप्यात नाहीतर हॉलमध्ये, कुंडीतला खांबासारखा उभा निवडुंग दिसू लागला आहे. शिकायला बाहेरगावी गेलेली मुले तो आणतात आणि सांभाळायला आपल्या गळ्यात बांधून जातात. मग चार-सहा महिन्यांनी सभासद आम्हाला विचारतात, "साहेब, हे मेलं कसं काय?" याचे उत्तर आम्ही स्वतःच्या घरी शिकलो, म्हणून हा लेख.

आधी एक गोष्ट. बांधावरचा तीनधारी निवडुंग आणि हा एक नव्हे. बांधावरचा शेराच्या भाऊबंदकीतला. टोचला की पांढरा चीक येतो, आणि तो डोळ्यात गेला तर भलतेच होऊन बसते. कुंडीतला खरा कॅक्टस, बहुधा सीरियस जातीचा, मूळचा दक्षिण अमेरिकेचा. त्याला पांढरा चीक नाही आणि काटे धारेवरच्या बारीक कापसाळ गादीतून निघतात. ती गादी त्याची स्वतःची असते. आमच्या एका चिटबॉयने ती लोकरी मावा समजून टूथब्रशने घासून काढली होती! २००२ नंतरच्या त्या माव्याची धास्ती अजून गेलेली नाही, त्याला तो तरी काय करणार.

आमची लेक नर्सिंगला गेली तेव्हा तिचा दोन फुटी निवडुंग आमच्याकडे राहिला. दहावीच्या बक्षिसाच्या पैशातून तिने तो घेतला होता. जाताना म्हणाली, "पप्पा, ह्याला काही करू नका, नुसतं बघत जा." आम्ही कसले ऐकतोय. येण्याजाण्यात काटे लागू नयेत म्हणून तो टीव्हीच्या कोपऱ्यात सरकवला आणि रोज सकाळी चहाबरोबर त्यालाही तांब्याभर पाणी सुरू केले. तीन महिन्यांत वीतभर वाढला. आम्ही फोनवर लेकीला फुशारकीने सांगितले. ती वाढ फिकट आणि पेन्सिलीसारखी बारीक होती, हे दिसत होते, पण मनावर घेतले नाही. श्रावणात झाड एका बाजूला कलले. बुडाशी दाबून पाहिले तर बोट आत गेले आणि कुजका वास आला.

शिवारफेरीत "पाणी मोजून द्या, रान क्षारपड कराल" असे घसा कोरडा करून सांगणारे आम्ही. आमच्या सौ. एवढेच म्हणाल्या, "सभेत सांगता ते घरात लागू नाही वाटतं?"

झाले कसे ते पाहा. ऊस दिवसा पानाची छिद्रे उघडतो, त्यामुळे पाणी भरपूर उडते. निवडुंग छिद्रे रात्री उघडतो, हवा आत घेऊन आम्लाच्या रूपात साठवतो आणि दिवसा छिद्रे मिटून उन्हावर अन्न तयार करतो. म्हणून त्याला पाणी थोडे लागते, पण उजेड भरपूर लागतो. अंधाऱ्या कोपऱ्यात तो पाणी पिणार कशाने? माती ओली राहते, मुळांना हवा मिळत नाही आणि बुरशी शिरते. चोपणात उसाची मुळे काळी पडतात, त्यातलाच प्रकार.

झाड वाचवायचे तर कुजक्या भागाच्या वर कापावे लागते. पोत्याने धरून, स्पिरिटने पुसलेल्या सुरीने आम्ही चकत्या काढत गेलो. मधल्या कड्यात तांबडा ठिपका दिसतो तोवर कापायचे, दर वेळी सुरी पुसायची. अखेर सव्वा फूट निरोगी शेंडा हाती आला. इथे उसाची सवय विसरावी लागते. आपण टिपरी तोडली की वाळायच्या आत लावतो. याची कापलेली बाजू मात्र सावलीत दोन-तीन आठवडे सुकून कडक होऊ द्यावी लागते. मग कोरड्या मिश्रणात काठीच्या आधाराने उभा केला आणि पाणी बंद ठेवले. महिन्याभराने हलवून पाहिले तर त्याने माती धरली होती. तेव्हा पहिले पाणी.

मिश्रणात आम्ही एक भाग पोयटा, एक भाग जाड वाळू आणि एक भाग विटांचे बारीक तुकडे घेतले. आपली काळी माती नको. ती पाणी धरून बसते. प्रेसमड तर मुळीच नको, शेतातच ठेवा. कुंडी मातीची, खाली भोक असलेली आणि मुळांपेक्षा दोन बोटेच मोठी असावी.

पाण्याला वाराचा हिशेब नाही. उदबत्तीची काडी खोल खुपसावी. कोरडी निघाली तरच भोकातून निथळेपर्यंत पाणी द्यावे आणि ताटलीतले ओतून टाकावे. आमच्याकडे उन्हाळ्यात हे दहा-बारा दिवसांनी येते, थंडीत महिन्याने, आणि झडीच्या दिवसांत कधी महिनाभर येतच नाही. जागा पूर्वेच्या किंवा दक्षिणेच्या खिडकीला लागून द्यावी आणि आठवड्याला कुंडी पाव फेरा फिरवावी, नाहीतर झाड उजेडाकडे वाकते. मात्र कोपऱ्यातले झाड एकदम उन्हात ठेवले तर साल भाजते आणि तो डाग जन्मभर जात नाही. आठ-पंधरा दिवसांत हळूहळू सरकवावे. पिठ्या ढेकूण दिसला तर कापसाच्या बोळ्याने स्पिरिट लावावे, पंप काढू नये. बारीक झालेला भाग पुढे कधी जाड होत नाही. आमच्या झाडाला ती पेन्सिल तशीच आहे, तिच्यावर नवी वाढ जाड आली आहे.

दिवाळीत लेक आली. कुंडीपाशी बसून बराच वेळ पाहत राहिली. "बुटका झाला की हो," म्हणाली. आम्ही सगळे सांगितले. ती हसली, पण जाताना आईला बाजूला घेऊन पाण्याचे बजावून गेली, आम्हाला नाही.

यंदा बुडापाशी दोन फुटवे निघाले आहेत. गळीत हंगाम संपल्यावर ते कापून सुकवणार आहोत. ज्या सभासदांना हवे असतील त्यांनी शेतकी विभागात नाव सांगून ठेवावे, दोनच आहेत.