आयसीयूमध्ये जंतुसंसर्ग कसा होतो? तो रोखण्यासाठी नर्स काय करतात?

डिसेंबर २०२१ मध्ये भांडुपमधल्या मुंबई महापालिकेच्या सावित्रीबाई फुले प्रसूतिगृहात, नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात अवघ्या काही दिवसांत ४ बाळं दगावली. जंतुसंसर्गामुळे सेप्टिक शॉक, असं कारण सांगितलं गेलं. विधिमंडळातही त्याचे पडसाद उमटले.

जिथे पेशंटची सर्वांत जास्त काळजी घेतली जाते, तिथेच संसर्ग का होतो?

आयसीयूत धोका जास्त का?

त्वचा ही शरीराची तटबंदी. आयसीयूत मानेच्या शिरेतून सेंट्रल लाइन, श्वासनलिकेत व्हेंटिलेटरची नळी, लघवीसाठी कॅथेटर असं सगळं एकाच वेळी असतं. प्रत्येक नळी म्हणजे जंतूंसाठी उघडं दार. त्यात पेशंटची प्रतिकारशक्ती आधीच खालावलेली असते.

हात धुण्याचे ५ क्षण कोणते?

जागतिक आरोग्य संघटनेने ते ठरवून दिलेत:

- पेशंटला हात लावण्याआधी
- निर्जंतुक प्रक्रियेआधी
- रक्त, लघवी अशा स्रावांशी संपर्क आल्यावर
- पेशंटला हात लावल्यानंतर
- पेशंटच्या आसपासच्या वस्तूंना हात लावल्यानंतर

सॅनिटायझर असेल तर २० ते ३० सेकंद, साबण-पाणी असेल तर ४० ते ६० सेकंद. ग्लोव्हज घातले म्हणून यातून सुटका नाही. एका पेशंटसाठी घातलेले ग्लोव्हज दुसऱ्याकडे नेले, तर जंतूही सोबत जातात.

याशिवाय व्हेंटिलेटरवरच्या पेशंटचं डोकं ३० ते ४५ अंश उंच ठेवणं, औषध देण्याआधी लाइनचं तोंड अल्कोहोलने घासून पुसणं आणि नळीची गरज अजून आहे का, हे रोज तपासणं ही कामंही असतातच.

याने खरंच फरक पडतो?

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात १०० हून अधिक आयसीयूंमध्ये सेंट्रल लाइनसाठी साधी चेकलिस्ट लागू केली गेली. डॉक्टरने एखादी पायरी गाळली, तर त्यांना थांबवण्याचा अधिकार नर्सना मिळाला. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, रक्तातल्या संसर्गाचं प्रमाण दीड वर्षात सुमारे दोन-तृतीयांशाने घटलं.

मग अडतं कुठे?

इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या निकषांनुसार आयसीयूत एका पेशंटमागे एक नर्स हवी. एकाच सिस्टरकडे तीन-चार बेड असले आणि दोन मॉनिटरचे अलार्म एकदम वाजले, तर ३० सेकंदही मोठे वाटतात. त्यामुळे नियमांचं पोस्टर भिंतीवर लावून भागत नाही. पुरेसं मनुष्यबळ, प्रत्येक बेडपाशी सॅनिटायझर आणि नर्सच्या शब्दाला वजन, हेही लागतं.

नातेवाईकांनी काय करावं?

आत जाताना आणि बाहेर पडताना हात स्वच्छ करा. पेशंटच्या बेडवर बसू नका, नळ्यांना हात लावू नका. आणि सिस्टरने बाहेर थांबायला सांगितलं, तर वाद घालू नका. ती तुमच्याच माणसाला जपत असते.