गंधकाने पाणी तापत नाही

कोकणातल्या वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या गरम पाण्याच्या कुंडांवर जाऊन आलेला माणूस एक ठाम माहिती घेऊन परततो: पाण्यात गंधक आहे, म्हणून ते गरम आहे. सहलीच्या लेखांत, व्हिडिओंत, मुलांना समजावताना हेच सांगितलं जातं. हे साफ चूक आहे आणि ते पडताळायला शाळेतलं रसायनशास्त्र पुरतं.

एक लिटर पाणी ३० अंशांनी तापवायला सुमारे १२६ किलोज्यूल उष्णता लागते. ती गंधकाच्या ऑक्सिडीकरणातून मिळवायची, तर लिटरमागे सहा-सात ग्रॅम गंधक खर्ची पडेल आणि वीसेक ग्रॅम सल्फ्युरिक आम्ल तयार होईल. अशा पाण्यात कोण उतरेल? कोकणातल्या कुंडांचं पाणी उदासीन किंवा किंचित अल्कधर्मी असतं. शिवाय या क्रियेला लिटरमागे नऊ-दहा ग्रॅम ऑक्सिजन हवा, आणि पाण्यात तो विरघळतो जेमतेम आठ मिलिग्रॅम. हजारपटींहून जास्त तूट!

मग कुंडांपाशी येणारा ‘गंधकाचा’ वास कसला? हायड्रोजन सल्फाइडचा. हा वायू हवेत अब्जात काही भाग असला तरी नाकाला जाणवतो आणि थंडगार विहिरीच्या पाण्यालाही येऊ शकतो. वासाचा तापमानाशी संबंध जोडणं आता तरी थांबायला हवं.

पाणी कुठलं, हे पाणीच सांगतं. हायड्रोजन आणि ऑक्सिजनच्या जड आयसोटोपांचं (त्याच मूलद्रव्यांच्या जास्त वजनाच्या अणूंचं) पावसातलं प्रमाण एका सरळ रेषेवर पडतं, हे भूरसायनशास्त्रज्ञ हार्मन क्रेग यांनी १९६१ साली दाखवलं. कोकणातल्या झऱ्यांचं पाणी या रेषेच्या आसपासच येतं. म्हणजे हे पावसाचंच पाणी. ते भेगांतून खोल मुरतं, दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंशांनी तापत जातं आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं. दापोली तालुक्यातल्या उन्हवऱ्याला ते सुमारे ७० अंशांचं असतं.

खालचं तापमान सिलिकावरून काढतात, कारण गरम पाण्यात क्वार्ट्झ, म्हणजे खडकातली सिलिका, जास्त विरघळतं. लिटरला १०० मिलिग्रॅम सिलिका आढळली, तर भूरसायनशास्त्रज्ञ फोर्नियर यांच्या सूत्रानुसार खडकातलं तापमान सुमारे १३७ अंश येतं.

‘खाली ज्वालामुखी आहे’ हा दुसरा गैरसमज. दख्खनचा लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा, केव्हाच थंडावलेला. मिनिसाले, चंद्रशेखरम आणि सहकारी संशोधकांनी २००० साली या झऱ्यांचे वायू तपासले. त्यात नायट्रोजन भरपूर आणि हेलियम मुख्यतः भूकवचातल्या किरणोत्सर्गी मूलद्रव्यांतून आलेला निघाला, ज्वालामुखीतून नव्हे.

आणि पाणी खारट लागतं म्हणून समुद्राचं? नुसत्या चवीवरून ते ठरत नाही. क्लोराइड ब्रोमाइडशी ताडून पाहावं लागतं. समुद्रात हे प्रमाण वजनाने साधारण २९०:१ असतं, खडकांतून आलेल्या खारटपणात ते तेवढंच असेल असं नाही.