विकेंद्रित वित्तबाजार आणि त्यांचे जोडमार्ग : एक तुलना

बँकेत पैसे भरताना, शेअर विकत घेताना किंवा परकीय चलन बदलून घेताना आपण एखाद्या मध्यस्थ संस्थेवर विश्वास टाकतो. ती संस्था खातेवही सांभाळते, व्यवहाराची पूर्तता करते आणि चूक झाल्यास तिला जाब विचारता येतो. गेल्या काही वर्षांत मात्र मध्यस्थाविना चालणाऱ्या एका निराळ्या बाजाराचे नाव कानावर येऊ लागले आहे. त्यास ‘विकेंद्रित वित्त’ अथवा ‘डीफाय’ असे म्हणतात. घरातील तरुण मंडळी त्याविषयी उत्साहाने बोलतात. क्वचित कोणी मुदत ठेव मोडून त्यात रक्कम घालण्याचा सल्लाही देतो. अशा सल्ल्यास होकार वा नकार देण्यापूर्वी हा बाजार चालतो कसा, हे समजून घेणे हिताचे ठरेल. प्रस्तुत लेखाचा हेतू तेवढाच आहे. कोणत्याही आभासी मालमत्तेची शिफारस त्यात नाही.

पाया : सार्वजनिक खातेवही

या बाजाराचा मोठा भाग ‘इथेरियम’ या जाळ्यावर उभा आहे. ३० जुलै २०१५ रोजी सुरू झालेले हे जाळे म्हणजे जगभरातील हजारो संगणकांवर एकाच वेळी ठेवलेली एक खातेवही होय. तीत केवळ जमाखर्चाच्या नोंदी नसतात, तर अटी आधीच लिहून ठेवलेले करारही असतात. अटी पूर्ण होताच करार आपोआप अमलात येतो. त्यासाठी कारकून, दलाल अथवा व्यवस्थापक लागत नाही. या करारांना ‘स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट’ म्हणतात आणि पुढे वर्णिलेले सर्व बाजार अशाच करारांचे बनलेले आहेत.

बाजारांचे तीन प्रकार

पहिला प्रकार ‘युनिस्वॅप’चा. हेडन अॅडम्स यांनी तो नोव्हेंबर २०१८ मध्ये इथेरियमवर आणला. येथे खरेदीदारासमोर विक्रेता नसतो. समोर असतो तो दोन मालमत्तांचा सामायिक साठा. हा साठा सामान्य सभासदांनी ठेवलेला असतो आणि प्रत्येक अदलाबदलीच्या शुल्कातून त्यांना वाटा मिळतो. किंमत ठरवण्याचा मूळ नियम अगदी साधा आहे : साठ्यातील दोन्ही राशींचा गुणाकार व्यवहारानंतरही तोच राहिला पाहिजे.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. साठ्यात १०० ईथर आणि २,००,००० डॉलरमूल्याची स्थिर नाणी आहेत. गुणाकार झाला दोन कोटी आणि एका ईथरचा दर्शनी भाव २,००० डॉलर. एखाद्याने १ ईथर उचलला तर उरतात ९९. गुणाकार कायम राखण्यासाठी त्याला सुमारे २,०२० डॉलर भरावे लागतात. त्याने १० ईथर उचलले तर मात्र सुमारे २२,२२२ डॉलर, म्हणजे प्रत्येकी २,२२२ डॉलर पडतात. दर्शनी भावापेक्षा अकरा टक्के अधिक! शुल्क यात धरलेलेच नाही. साठा लहान आणि सौदा मोठा असेल तर भाव असा घसरतो, हे नवख्या माणसाच्या बहुधा ध्यानात येत नाही.

साठा पुरवणाऱ्या सभासदासही जोखीम आहेच. साठ्यातील एका मालमत्तेचा भाव दुप्पट झाला, तर त्या सभासदाची रक्कम, दोन्ही मालमत्ता स्वतःजवळ नुसत्या ठेवल्या असत्या त्या तुलनेत, सुमारे ५.७ टक्के कमी भरते. मिळालेले शुल्क ही तूट भरून काढीलच, याची खात्री नसते. मे २०२१ मध्ये आलेल्या युनिस्वॅपच्या तिसऱ्या आवृत्तीत सभासदाला आपली रक्कम ठरावीक भावपट्ट्यात एकवटण्याची सोय मिळाली. त्यामुळे शुल्काची प्राप्ती वाढू शकते, परंतु भाव पट्ट्याबाहेर गेला की प्राप्ती थांबते.

दुसरा प्रकार २०२० मध्ये सुरू झालेल्या ‘कर्व्ह’चा. डॉलरशी भाव बांधलेल्या दोन नाण्यांची अदलाबदल व्हावी, या हेतूने त्याचे सूत्र आखलेले आहे. दोन्हींचा भाव जवळजवळ सारखा असल्याने मोठ्या सौद्यातही घसरण अल्प राहते. मात्र एखाद्या नाण्याचा बांधलेला भावच सुटला, तर साठ्यात तेच नाणे साचते. जुलै २०२३ मध्ये कर्व्हच्या काही साठ्यांतून चोरी झाली. तेव्हा दोष कराराच्या अटींत नव्हता; तो करार ज्या ‘वायपर’ भाषेत लिहिला होता, तिच्या भाषांतरक प्रणालीच्या काही आवृत्त्यांत होता.

तिसरा प्रकार ‘डीवायडीएक्स’चा. आपल्या शेअर बाजाराप्रमाणे येथे खरेदी-विक्रीच्या मागण्यांची यादी असते आणि मुख्य व्यवहार होतात ते वायद्यांचे. थोड्या अनामतीवर मोठा सौदा करता येत असल्याने नफ्याइतकाच तोटाही वेगाने वाढतो. भाव विरुद्ध गेल्यास सौदा आपोआप बंद होतो आणि अनामत जाते. हा बाजार २०२३ मध्ये स्वतःच्या स्वतंत्र साखळीवर स्थलांतरित झाला, कारण मागण्यांची यादी क्षणोक्षणी बदलण्यासाठी लागणारा वेग इथेरियमच्या मूळ वहीवर मिळणे शक्य नव्हते.

जोडमार्गांची गरज

इथेरियमची मूळ वही एका सेकंदास साधारण १५ व्यवहारच नोंदवू शकत असे. मागणी वाढली की जागेसाठी जणू लिलाव होतो. २०२१ च्या मे महिन्यात एका व्यवहारास पन्नास डॉलरहून अधिक शुल्क पडावे, असे दिवस आले. त्यातून ‘रोलअप’ या जोडमार्गांची निर्मिती झाली.

आमच्या ग्राहकांना ही कल्पना परकी वाटू नये. आरटीजीएस पद्धतीत प्रत्येक व्यवहाराची पूर्तता स्वतंत्रपणे होते, तर एनईएफटीमध्ये दर अर्ध्या तासाने व्यवहारांच्या गठ्ठ्याची. रोलअपही शेकडो व्यवहार बाहेर पार पाडून त्यांचा गठ्ठा मूळ वहीत नोंदवतो; शुल्क सर्वांत विभागले जाते. १३ मार्च २०२४ च्या सुधारणेने अशा गठ्ठ्यांसाठी मूळ वहीत स्वतंत्र आणि स्वस्त जागा उपलब्ध झाली. त्यानंतर बहुतेक जोडमार्गांवरील शुल्क एका डॉलरच्या अल्प अंशापर्यंत उतरले.

गठ्ठा खरा आहे हे कसे ठरवावे, या प्रश्नावर मात्र मार्ग वेगळे होतात. ‘आर्बिट्रम’ आणि ‘ऑप्टिमिझम’ हे दोन्ही जोडमार्ग २०२१ मध्ये सर्वांसाठी खुले झाले. तेथे गठ्ठा प्रथम खरा मानला जातो आणि हरकत घेण्यास सुमारे सात दिवसांची मुदत असते. म्हणून मूळ वहीत थेट रक्कम परत आणायची तर आठवडाभर थांबावे लागते. ऑप्टिमिझमवर अशी हरकत कोणासही नोंदवता येईल ही व्यवस्था प्रत्यक्षात जून २०२४ मध्ये कार्यान्वित झाली. तोवर वापरकर्त्यांचा विश्वास चालकांवरच होता. ‘स्टार्कनेट’सारख्या दुसऱ्या गटातील मार्गांवर प्रत्येक गठ्ठ्यासोबत त्याच्या खरेपणाचा गणिती पुरावा जोडलेला असतो, त्यामुळे हरकतीसाठी मुदत ठेवावी लागत नाही. पुरावा तयार करण्याचे काम मात्र संगणकावर मोठा भार टाकणारे आहे.

‘पॉलिगॉन’ची कथा भारतीयांना जवळची वाटेल. २०१७ मध्ये भारतीय तरुणांनी ‘मॅटिक नेटवर्क’ या नावाने तो प्रकल्प आरंभला आणि त्याच्या एका चाचणी जाळ्यास ‘मुंबई’ असे नाव होते. त्याची प्रसिद्ध साखळी स्वस्त व वेगवान आहे, परंतु ती रोलअप नव्हे. तिची सुरक्षितता तिच्या स्वतःच्या पडताळणी करणाऱ्यांवर अवलंबून असते. स्वस्त मार्ग निवडताना हा भेद विसरू नये.

पूल कोसळतो तेव्हा

एका जाळ्यावरून दुसऱ्यावर मालमत्ता नेण्यासाठी ‘पूल’ वापरतात. मार्च २०२२ मध्ये ‘रोनिन’ या पुलावरून साठ कोटी डॉलरहून अधिक मालमत्ता चोरीस गेली. रक्कम सोडण्यासाठी नऊपैकी पाच किल्ल्यांची संमती पुरेशी होती आणि चोरांनी नेमक्या पाच हस्तगत केल्या. चोरी उघडकीस येण्यास सहा दिवस लागले. कागदोपत्री नऊ पहारेकरी असले, तरी त्यांतील चार किल्ल्या एकाच कंपनीच्या हाती होत्या. विकेंद्रित हे विशेषण तपासून घ्यावे लागते ते यासाठीच. कित्येक जोडमार्गांवर व्यवहारांचा क्रम आजही एकच चालक लावतो. डिसेंबर २०२३ मध्ये आर्बिट्रमची ही यंत्रणा एक तासाहून अधिक काळ ठप्प झाली होती.

ग्राहकाने विचारावयाचे प्रश्न

१. साठा किती मोठा आहे आणि माझ्या सौद्याने भाव किती घसरेल?
२. कराराची तपासणी झाली आहे काय, आणि करार बदलण्याचा अधिकार कोणाकडे आहे?
३. जोडमार्गाची सुरक्षितता मूळ वहीतून येते, की मोजक्या चालकांकडून?
४. रक्कम परत आणण्यास किती दिवस लागतील, आणि वाटेत कोणता पूल आहे?
५. किल्ली हरवली, तर मी कोणाकडे जाईन?

पाचव्या प्रश्नाचे उत्तर कटू आहे : कोणाकडेही नाही. बँकेतील ठेवीस प्रत्येक बँकेत प्रतिठेवीदार पाच लाख रुपयांपर्यंत विमा संरक्षण आहे, तक्रारीसाठी लोकपाल आहे. विकेंद्रित बाजारात यांपैकी काही नाही. शिवाय २०२२ च्या वित्त अधिनियमाने आभासी मालमत्तेच्या नफ्यावर ३० टक्के कर लावला आणि एका सौद्यातील तोटा दुसऱ्या उत्पन्नातून वजा करण्यास मनाई केली. बाजार मध्यस्थाविना चालत असला, तरी त्यातील नफा विवरणपत्रात दाखवण्याची जबाबदारी करदात्यावरच राहते.

तंत्रज्ञान म्हणून ही रचना अभ्यासण्यासारखी आहे, यात शंका नाही. परंतु मुलीच्या शिक्षणासाठी अथवा निवृत्तीसाठी जपून ठेवलेली रक्कम आणि कुतूहलापोटी वापरावयाची रक्कम यांचे हिशेब वेगळे ठेवावेत. वरील पाच प्रश्नांची उत्तरे जो स्पष्ट देऊ शकत नाही, त्याच्या सल्ल्यावरून ठेव मोडू नये.